ग्लेझ, नाइटशेड, नोएआय हेडर: चित्र टाकण्याआधी नेमकं काय आणि कोणत्या क्रमाने?

रेघोटी

स्वतःच्या डोमेनवर साधारण ६० चित्रं आहेत. अर्धी सपाट रंगांची, स्वच्छ रेषेची पात्रं. उरलेली जाड ब्रशची निसर्गचित्रं. एका मॉडेल-वाटप संकेतस्थळावर या शैलीचं लोरा (मोठ्या चित्र-मॉडेलला एखादी शैली शिकवणारी छोटी जोडफाइल) दिसलं, ट्रिगर शब्द (ती शैली जागी करणारा शब्द) म्हणून चक्क चित्रांवरच्या सहीतलं नाव. आता सगळी चित्रं नव्याने चढवायची आहेत, तर जाणकारांनी मदत करावी.

साइझ कमी करणं, वॉटरमार्क, नाइटशेड, ग्लेझ (शेवटची दोन म्हणजे एआयच्या शिकण्याला चकवणारी सॉफ्टवेअरं) यांत आधी काय, नंतर काय? सपाट रंगांवर ग्लेझचे डाग दिसतात, ते कमी कसे करायचे? पानावर नोएआय टॅग (एआय शिकवायला वापरू नका, ही सूचना) टाकलाय, तो पुरतो का? जुनी चित्रं डेटासेटमध्ये गेलीच असतील, तर आता ग्लेझ करून उपयोग आहे की वरातीमागून घोडं? आणि त्या लोराचं काय करायचं?

"इंटरनेटवर टाकूच नका" हा सल्ला माहीत आहे. तो सोडून सांगा. :)

थरांवर_थर

ग्लेझ काय करतं ते आधी दोन ओळींत, कारण सेटिंग सगळी त्यावरच ठरतात. स्टेबल डिफ्युजनच्या जातीची मॉडेल्स थेट पिक्सेलवर शिकत नाहीत. एन्कोडर चित्र आटवून त्याचं एक सांकेतिक रूप करतो आणि शिकणं त्या रूपावर होतं. ग्लेझ पिक्सेल असे हलवतं की माणसाला चित्र जवळपास तेच दिसावं, पण एन्कोडरला ते भलत्याच शैलीचं वाटावं. तुमची बारीक रेषा त्याला तैलरंगाच्या फटकाऱ्यांसारखी भासावी. थोडक्यात, धूळफेक. ती चालेल की नाही, हे समोरच्याच्या डोळ्यांवर ठरतं.

क्रम असा ठेवा:

१. लेयर सपाट करा, पारदर्शक पार्श्वभूमी असेल तर खाली रंग भरा. फाइल सीएमवायके किंवा १६ बिटची असेल तर एसआरजीबी, ८ बिट करा.
२. ज्या साइझला चढवायचं त्या साइझला आणा. शार्पन करायचं तर इथेच.
३. वॉटरमार्क आणि सही.
४. नाइटशेड वापरणार असाल तर आता.
५. ग्लेझ सगळ्यात शेवटी.
६. त्यानंतर हात लावायचा नाही. क्रॉप नाही, रंग सुधारणं नाही, "जरा ब्राइटनेस वाढवतो" नाही.

ग्लेझनंतर साइझ घटवली की शेजारशेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात आणि केलेला बदल बोथट होतो. पूर्ण पुसला जात नाही, पण आधी आख्खं चित्र ग्लेझ करायचं आणि मग निम्मं करून चढवायचं यात वेळ आणि धार दोन्ही फुकट जातं. चुकून क्रॉप केलंच, तर मूळ फाइलपासून पुन्हा सुरुवात. ग्लेझवर ग्लेझ चढवू नका. डाग दुप्पट होतात, संरक्षण दुप्पट होत नाही.

आता डाग. तिथे दोन सरकपट्ट्या आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. इन्टेन्सिटी म्हणजे चित्र किती हलवायला परवानगी. ती वाढवली की डाग वाढणारच. रेंडर क्वालिटी म्हणजे तेवढ्या परवानगीत चांगला बदल शोधायला किती वेळ द्यायचा. ती वाढवल्याने फक्त घड्याळ चालतं, चित्र खराब होत नाही. म्हणून सपाट पात्रांना इन्टेन्सिटी कमी ते मध्यम आणि रेंडर क्वालिटी सगळ्यात वरची. जाड ब्रशच्या निसर्गचित्रांना इन्टेन्सिटी बिनधास्त वर न्या, फटकाऱ्यांत सगळं लपतं.

सपाट रंगावर जे दिसतं ते तापवलेल्या दुधावर साय धरावी तसं: फिकट, नागमोडी, गालांवर आणि आकाशात जास्त. यावर उतारा म्हणजे पायरी २ मध्ये, ग्लेझच्या *आधी*, अख्ख्या चित्रावर कागदाचा पोत किंवा २ ते ३ टक्के ग्रेन द्यायचा. डोळ्याला पोत सवयीचा असतो, मग त्यातली साय वेगळी खुपत नाही. पूर्ण सपाट व्हेक्टर छापाचं चित्र असेल तर मात्र काही केलं तरी दिसेल. अशी चित्रं ग्लेझ करण्यापेक्षा अर्धवट दाखवलेली बरी.

काम झालंय का हे बघायला ग्लेझ केलेलं चित्र मूळच्या वरच्या लेयरवर ठेवा, ब्लेंड मोड डिफरन्स करा. सगळं काळं दिसेल. मग वरून लेव्हल्स लावून पांढऱ्याचा खुंटा डावीकडे २५-३० पर्यंत ओढा. चित्रभर धुकट ठिपके-लाटा दिसल्या तर ठीक. फक्त कडांवरच रेघा दिसल्या, तर तुम्ही जेपेगचा फरक बघताय. चुकीची फाइल उघडली आहे.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर काही मिनिटांचं काम. जीटीएक्स १६५० आणि १६६० ही कार्डं मात्र यासाठी धड नाहीत, ग्लेझ ज्यावर चालतं त्या पायटॉर्चशी त्यांचं जमत नाही. कार्डच नसेल तर एका चित्राला अर्धा-पाऊण तास धरून चाला, किंवा वेबग्लेझ वापरा. ते ग्लेझ बनवणाऱ्या शिकागो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर घेतलेल्या सर्व्हरवर चालतं, फुकट आहे, पण आमंत्रण मागावं लागतं. डाउनलोड फक्त विद्यापीठाच्या पानावरून. भलत्या ठिकाणचं "ग्लेझ प्रो" वगैरे घेऊ नका.

शंकासुर

क्रम आणि सेटिंगबद्दल सहमत. पण हे "संरक्षण" कितपत, तेही सांगायला हवं, नाहीतर लोक ग्लेझ मारून निर्धास्त होतात.

ग्लेझ मार्च २०२३ मध्ये आलं. करणाऱ्यांच्या स्वतःच्या चाचणीत चित्रकारांनी दिलेला यशाचा आकडा ९२ टक्क्यांच्या वर होता. २०२४ मध्ये ईटीएच झुरिक आणि गूगल डीपमाइंडच्या संशोधकांनी दाखवलं की त्याला चकवायला फार अक्कल लागत नाही. त्यांची एक युक्ती "नॉइझी अपस्केलिंग": ग्लेझ केलेल्या चित्रात थोडा यादृच्छिक नॉइज मिसळायचा आणि मग बाजारात तयार मिळणाऱ्या डिफ्युजन अपस्केलरमधून (चित्र मोठं करणाऱ्या एआय साधनातून) ते काढायचं. नॉइजमध्ये ग्लेझचा नेमका बदल बुडतो, अपस्केलर नॉइज धुताना त्यालाही धुऊन टाकतो. २०२५ मध्ये लाइटशेड आलं. चित्रावर नाइटशेड मारलंय की नाही हे ते ९९.९८ टक्के अचूक ओळखतं आणि मग काढून टाकायचा प्रयत्न करतं. ग्लेझवाल्यांनी मधल्या काळात सुधारित आवृत्त्या काढल्या, पण मूळ दुखणं आवृत्तीत नाहीच. तुम्ही चित्र एकदा चढवता आणि ते तसंच राहतं. समोरचा दोन वर्षं थांबून नवं हत्यार आणू शकतो. पहिली चाल तुमची, शेवटची त्याची.

शिवाय ग्लेझचा रोख आहे तो तुमची १५-३० चित्रं गोळा करून लोरा शिकवणाऱ्यावर. एकच चित्र "असं काहीतरी कर" म्हणून संदर्भाला देणारी किंवा तुमच्याच चित्रावर वरून रंगवणारी साधनं वेगळ्या वाटेने जातात. तिथे ग्लेझवर भिस्त ठेवू नका.

नाइटशेडचं तर कामच वेगळं आहे. ते तुमची शैली वाचवत नाही. एखाद्या शब्दाचा अर्थ मॉडेलच्या डोक्यात बिघडवायचा, म्हणजे गाय मागितली की भलतंच यावं, हा त्याचा उद्योग. त्यांच्या शोधनिबंधात एसडीएक्सएलची (स्टेबल डिफ्युजनच्या एका आवृत्तीची) एक संकल्पना बिघडवायला शंभराहून कमी चित्रं पुरली, पण ती सगळी *एकाच* संकल्पनेची. तुमची ६० चित्रं चाळीस विषयांवर विखुरलेली असतील तर एकट्याच्या जिवावर काही बिघडणार नाही; पुष्कळ जणांनी मिळून करायची गोष्ट आहे ती. करणारच असाल तर नाइटशेडमध्ये दिलेला टॅग-शब्द चित्राच्या ऑल्ट टेक्स्टमध्येही (पानाच्या कोडमधलं चित्राचं लेखी वर्णन) आला पाहिजे. नाहीतर विष एका बाटलीत आणि लेबल दुसऱ्या.

तरी मी ग्लेझ करू नका म्हणत नाही. फुकटात साठ चित्रं उचलणारा बहुतेक जण आळशी असतो, आणि आळशाला एक जादा पायरीसुद्धा जड जाते. तेवढीच त्याची किंमत धरा.

"साइझ लहान ठेवली की झालं" हाही एक गैरसमज. लोरा बहुधा ५१२ किंवा १०२४ पिक्सेलवर शिकवतात. तुमचं १२०० पिक्सेलचं चित्र छापून विकणाऱ्या चोराला अपुरं, पण शैली शिकायला भरपूर.

सर्व्हरपाशी

नोएआय टॅगचा प्रश्न राहिला, आणि नेमकी तिथेच सगळे फसतात.

तुम्ही टॅग पानाच्या एचटीएमएलमध्ये टाकलाय. डेटासेट डाउनलोड करणारे पान उघडतच नाहीत! लायन-५बी ही ५८५ कोटी जोड्यांची यादी आहे: चित्राची लिंक आणि तिचं ऑल्ट टेक्स्ट. चित्रं त्यात नाहीत. इमेजटूडेटासेट हे प्रचलित साधन त्या यादीतून थेट चित्राच्या लिंकवर जातं, त्यामुळे पानावरचा टॅग त्याला दिसायचा संबंधच नाही. त्याला दिसतो तो चित्राच्या फाइलबरोबर येणारा एचटीटीपी हेडर. म्हणून एक्स-रोबॉट्स-टॅग हा हेडर, त्यात नोएआय आणि नोइमेजएआय ही दोन मूल्यं स्वल्पविरामाने, आणि तो *जेपेग, पीएनजी, वेबपी फाइलींच्या उत्तरावर* गेला पाहिजे. हे साधन आपणहून तो मानतं. अर्थात वापरणाऱ्याने एक सेटिंग बदललं की मानत नाही, आणि मुळात ते स्वतःची ओळख जुना फायरफॉक्स अशी सांगतं, त्यामुळे नावावरून अडवणं कठीण.

लावताना काय चुकतं ते बघा:

अ‍ॅपाची सर्व्हरवर हेडर्स मॉड्यूल बंद असेल आणि ते मॉड्यूल आहे का हे तपासणाऱ्या इफ-ब्लॉकमध्ये तुम्ही हेडरची ओळ टाकली असेल, तर ती गपचूप दुर्लक्षित होते. चूकही दाखवत नाही.

एनजिनएक्स सर्व्हरवर आतल्या लोकेशन ब्लॉकमध्ये एक जरी अ‍ॅड-हेडर असेल, तरी बाहेरच्या ब्लॉकमधले सगळे अ‍ॅड-हेडर तिथे गळतात. चित्रांच्या लोकेशनला बहुधा कॅशेचा हेडर आधीच असतो, म्हणून नेमका चित्रांनाच हा हेडर जात नाही. तो त्याच आतल्या ब्लॉकमध्ये पुन्हा लिहा.

सीडीएन (फाइलींच्या प्रती ठेवून त्या वाटणारी सेवा) असेल तर जुनं उत्तर कॅशेमध्ये बसलेलं असतं. हेडर लावल्यावर कॅशे पुसा.

तपासणी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये: नेटवर्कच्या टॅबात चित्रावर क्लिक करा, रिस्पॉन्स हेडर्स बघा. पान नाही, चित्र.

रोबॉट्सच्या फाइलचं (कुठल्या क्रॉलरने, म्हणजे पानं चाळणाऱ्या प्रोग्रॅमने, येऊ नये ते सांगणारी robots.txt): ती डोमेनच्या मुळाशीच असते आणि प्रत्येक सबडोमेनची वेगळी. चित्रं सीडीएनच्या किंवा इमेजच्या सबडोमेनवरून येत असतील तर मुख्य डोमेनवरची फाइल त्यांना लागू नाही. जीपीटीबॉट, सीसीबॉट, क्लॉडबॉट, बाइटस्पायडर, अ‍ॅपलबॉट-एक्स्टेंडेड, गूगल-एक्स्टेंडेड यांना डिसअलाउ करा. यातलं गूगल-एक्स्टेंडेड हे फक्त फाइलमधलं नाव आहे. त्या नावाचा वेगळा क्रॉलर लॉगमध्ये कधीच दिसणार नाही, म्हणून शोधत बसू नका. ते बंद केल्याने गूगल शोधावर परिणाम होत नाही. गूगलबॉट बंद केलात तर मात्र शोधातून गायब व्हाल. ती चूक करू नका.

रोबॉट्सची फाइल म्हणजे दारावरची पाटी, कुत्रा नव्हे. न मानणाऱ्यांसाठी क्लाउडफ्लेअरमध्ये जुलै २०२४ पासून एआय बॉट अडवायचा एक खटका आहे, तो फुकट योजनेतही चालतो. हॉटलिंक संरक्षणावर फार विसंबू नका. ते कुठल्या पानावरून मागणी आली हे बघतं, आणि बहुतेक ठिकाणी रिकामं रेफरर चालवून घेतं. डाउनलोडर रिकामंच पाठवतात. रिकामंही अडवलं तर लिंक शेअर केल्यावर येणारं छोटं चित्र तुटतं. काय गमवायचं ते तुम्ही ठरवा.

आता जुन्या चित्रांचं. यादीत फक्त लिंक असल्यामुळे, जुन्याच पत्त्यावर, त्याच फाइल-नावाने ग्लेझ केलेली फाइल ठेवा. यापुढे जो ती यादी उतरवेल त्याला नवी फाइल मिळेल. काही जण यादीतल्या हॅशशी (फाइलच्या अंकी ठशाशी) ताडून बघतात. तो जुळला नाही तर चित्र टाकून देतात. तुमचं दोन्हीकडून भलंच. ज्यांनी आधीच उतरवून ठेवलंय त्यांचं काही करता येत नाही. पण नव्या नावाने नवी फाइल चढवली आणि जुनी तशीच सर्व्हरवर पडू दिली, तर केलेलं सगळं पाण्यात. साइट बनवणारी सॉफ्टवेअरं एकाच चित्राच्या पाच-सहा साइझ करून ठेवतात, त्याही शोधून बदला.

अवांतर: ऑल्ट टेक्स्टमध्ये प्रत्येक चित्राला "अमुकतमुक यांचे चित्र" लिहायची सवय असते. नाव आणि शैली यांची गाठ तिथेच पडते, कारण डेटासेटमध्ये तोच मथळा होतो. ऑल्ट टेक्स्ट काढू नका, दृष्टिहीन वाचकांना ते लागतं. त्यात चित्रात काय आहे ते लिहा, नाव पानाच्या मजकुरात ठेवा. फाइलच्या नावातूनही काढा, पण नव्या चित्रांपुरतं; जुन्यांचं कारण वर आलंच.

रेघोटी

प्रचंड उपयोगी, सगळ्यांचे आभार. हेडर खरंच चित्रांवर जात नव्हता, एनजिनएक्सचं ते लोकेशन प्रकरणच निघालं.

दोन शंका. आकाशाच्या ग्रेडियंटला ग्रेन देऊनही पट्टे दिसतायत. आणि वॉटरमार्क सगळ्या चित्रांना उजव्या कोपऱ्यात एकच आहे, चालेल?

थरांवर_थर

पट्टे ग्लेझचे नसावेत. १६ बिटवरून ८ बिटला येताना ग्रेडियंट तुटतो, ग्लेझ फक्त ते उघडं पाडतं. ग्रेन १६ बिटमध्ये असतानाच द्या, मग ८ बिट करा. माझ्या वरच्या यादीत ही उलटापालट झाली, माझीच चूक. पट्टे मूळ फाइलमध्ये आहेत का ते २०० टक्क्यांवर बघून खात्री करा.

वॉटरमार्क: कोपऱ्यात असेल तर कापला जातो, हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी दाखवलं होतं की एकच खूण शेकडो चित्रांवर जशीच्या तशी असेल, तर चित्रं एकमेकांशी ताडून ती खूण आपोआप वेगळी काढता येते आणि सगळ्या चित्रांवरून स्वच्छ पुसता येते. त्यांनीच दिलेला तोडगा म्हणजे प्रत्येक चित्रावर खुणेचा आकार किंचित वाकवायचा. नुसती जागा किंवा फिकेपणा बदलून फारसा फरक पडत नाही. वॉर्प साधनाने दर वेळी तीन-चार बिंदू हलवा, मिनिटभराचं काम. आणि खूण सपाट भागावर नको. चेहरा-केस, पानं-फांद्या अशा गजबजलेल्या जागी, जिथे भरून काढताना इनपेंटिंगला घाम फुटेल तिथे. शैली शिकणाऱ्याला वॉटरमार्क रोखत नाही, हे धरूनच चाला. तो लागतो पुराव्याला.

कागदपत्री

लोराबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून.

शैलीवर कॉपीराइट नसतो. "माझी शैली चोरली" अशी तक्रार टाकली की ती तिथेच पडते. पकडायच्या जागा तीन. एक, मॉडेलच्या पानावर नमुना म्हणून किंवा ट्रेनिंगच्या झिप फाइलमध्ये तुमची मूळ चित्रं ठेवली आहेत का? ती सरळसरळ प्रत आहे. दोन, नमुन्यातलं एखादं चित्र तुमच्या ठरावीक चित्राची जवळपास नक्कल आहे का. मोजक्या चित्रांवर जास्त वेळ शिकवलेली लोरा असं ओकतात. तीन, मॉडेलच्या नावात किंवा ट्रिगरमध्ये तुमचं नाव. यावर त्या संकेतस्थळाचे स्वतःचे नियम काय आहेत ते बघा. नावाची तक्रार कित्येकदा कॉपीराइटच्या तक्रारीपेक्षा लवकर लागू पडते.

तक्रार करायच्या आधी हे जमवा, कारण नोटीस गेली की पान बदलतं: मॉडेलच्या पानाचा पूर्ण स्क्रीनशॉट तारखेसह, आवृत्ती क्रमांक, फाइलचा हॅश (बहुतेक ठिकाणी पानावरच दिलेला असतो), ट्रिगर शब्द, चढवणाऱ्याचं खातं, आणि पानाची वेब अर्काइव्हमध्ये एक प्रत. मॉडेल फाइलच्या मेटाडेटात कित्येकदा ट्रेनिंगच्या फोल्डरचं नाव आणि मथळ्यांमधले शब्द किती वेळा आले ते राहून गेलेलं असतं. लोरा शिकवणारी साधनं ते आपोआप लिहितात आणि पुष्कळांना ते काढायचं सुचत नाही. तुमचं नाव त्यात सापडलं तर ते स्क्रीनशॉटपेक्षा भारी.

तुमच्या बाजूने: लेयर असलेली मूळ फाइल, पहिल्यांदा कुठे आणि कधी प्रसिद्ध केलं ती लिंक, आणि शेजारी-शेजारी मांडलेली चार-पाच चित्रं. पन्नास नकोत. वाचणारा कंटाळतो.

अमेरिकी डीएमसीए (कॉपीराइटचा भंग करणारा मजकूर हटवायला लावणारा कायदा) पद्धतीची नोटीस असेल तर त्यात कामाची ओळख, काढायच्या *नेमक्या* लिंका, संपर्क, सद्भावनेचं विधान, माहिती खरी असल्याचं विधान, हक्कदार म्हणून बोलत असल्याचं शपथेवरचं विधान आणि सही लागते. एक जरी राहिलं तरी परत येऊ शकते. तुमचा संपर्क समोरच्याला कळू शकतो, म्हणून घरचा पत्ता देण्याआधी विचार करा. त्याने प्रतिनोटीस दिली तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कोर्टात गेला नाहीत तर मजकूर परत येतो. "शैली" एवढ्यावर डीएमसीए टाकू नका. जाणूनबुजून खोटा दावा केला तर भुर्दंड तुमच्यावर.

आणि ते हेडर, रोबॉट्सची फाइल वगैरे "कोण मानतंय" म्हणून सोडू नका. युरोपीय संघाच्या २०१९/७९० निर्देशाच्या कलम ४ मध्ये टेक्स्ट आणि डेटा मायनिंगला सूट आहे, पण हक्कदाराने मशीनला वाचता येईल अशा रीतीने हक्क राखून ठेवला नसेल तरच. उद्या भांडायची वेळ आली तर "कधीपासून राखला होता" हे विचारलं जाईल. आज हेडर लावलात ना, त्या सेटिंग फाइलची आणि रिस्पॉन्स हेडरच्या स्क्रीनशॉटची तारखेसह एक प्रत मूळ चित्रांच्या फोल्डरमध्ये टाकून द्या.

शंकासुर

मेटाडेटाचा मुद्दा भारी. त्यात भर: सेफटेन्सर्स (लोरा बहुधा ज्या स्वरूपात वाटतात त्या) फाइलचा तो भाग सुरुवातीलाच साध्या मजकुरात असतो, पहिल्या ८ बाइटनंतर. कुठल्याही हेक्स व्ह्यूअरमध्ये उघडून वाचता येतो, मॉडेल चालवावं लागत नाही.